खड्डे खणायचं मशीन घेताय? आधी ट्रॅक्टरचा पंप बघा

संपादक साहेब, नमस्कार,

मागे तुमच्या शेतीच्या पानावर ट्रॅक्टरला जोडायच्या खड्डे खणायच्या मशीनबद्दल आलं होतं. माहिती बरी होती, पण शेवटी एका ओळीत लिहून टाकलं की पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या शाफ्टवर) चालणारं मशीन आता जुनं झालं, यापुढे हायड्रोलिकच (तेलाच्या दाबावर चालणारं) घ्या. ती ओळ वाचून आमच्या मुरबाड-शहापूरकडचा एखादा पोरगा लाखाच्या वर पैसे घालून हायड्रोलिक सेट आणेल, दोन खड्डे मारेल आणि मग ते मशीन पडवीत कोंबड्या बसायला ठेवेल, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापून छापलं तरी चालेल, फक्त हिशोबाचा भाग कापू नका.

आधी मी कोण ते सांगतो. राहायला घणसोलीत, नोकरी टीटीसी एमआयडीसीत एका कारखान्यात हायड्रोलिक मेंटेनन्सला, म्हणजे प्रेस, पॉवर पॅक, होज, सील, दिवसभर हेच. गाव मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूला, शेती भाऊ बघतो. घरचा 35 एचपीचा ट्रॅक्टर आहे, पावसात भात, नंतर भेंडी-काकडी, वरच्या वरकस जमिनीत आंबा आणि काजू. म्हणजे माझं पोटच हायड्रोलिकवर आहे, त्याच्याविरुद्ध बोलायला मला काय वैर नाही. तरीपण मी म्हणतो की आपल्याकडे घरोघरी जो साधा 30 ते 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे त्याच्या मागे पीटीओचंच मशीन लावा. हायड्रोलिक चांगलंच असतं हो, पण ते आपल्या ट्रॅक्टरच्या पंपावर चालवायची वस्तू नाही.

पीटीओवाल्या मशीनमध्ये लपवण्यासारखं काही नाही. ट्रॅक्टरच्या मागे सहा खाचांचा जो शाफ्ट बाहेर आलेला असतो तो इंजिन ठराविक आरपीएमला ठेवलं की मिनिटाला 540 फेरे फिरतो, हे जगभरचं स्टँडर्ड आहे. त्याला क्रॉसवाला शाफ्ट, पुढे गिअरबॉक्स, आत क्राऊन-पिनियन हे दातेरी गिअर, ते आडवं फिरणं उभं करतात आणि स्पीड साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणतात, म्हणजे खाली बिट (माती खणणारा स्क्रूसारखा भाग) मिनिटाला 180 च्या आसपास फिरतं. इंजिनपासून मातीपर्यंत सगळं लोखंडाला लोखंड. मध्ये एक शिअर बोल्ट, दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. नवीन बोल्ट टाका, चालू करा.

हायड्रोलिकमध्ये इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेल होजमधून (जाड रबरी नळीतून) मोटरला जातं, मोटर बिट फिरवते आणि तेल परत टाकीत. आता इथे हिशोब आहे आणि तो कुठलाच सेल्समन सांगत नाही. तेलातून मिळणारी ताकद काढायला तेलाचं प्रेशर बारमध्ये घ्या, मिनिटाला किती लिटर येतं त्याने गुणा आणि 600 ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. आपल्या साध्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला समजा 20 लिटर देतो, कित्येकांचा त्याहून कमीच. प्रेशर 150 बार धरा. 20 गुणिले 150 म्हणजे 3000, भागिले 600, झाले 5 किलोवॅट, म्हणजे पावणेसात एचपी. त्यातून पंपाची, मोटरची, होजची गळती आणि घर्षण वजा करा, हातात सहाच्या खाली उरतात. त्याच ट्रॅक्टरच्या पीटीओला इंजिनमधले तीसच्या आसपास एचपी मिळतात. नळाला करंगळीएवढी धार आणि खाली टँकर लावून बसायचं, असला तो प्रकार.

मला माहितीये यावर कोणतरी लगेच म्हणणार की साहेब एचपी जाऊदे, खड्डा एचपीवर नाही टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या जोरावर पडतो. बरोबर आहे, आणि हा मुद्दा मी उडवून लावत नाही. मोटर मोठी घेतली, एका फेऱ्याला 400 सीसी तेल खाणारी, तर 150 बारला ती कागदावर साडेनऊशे न्यूटन मीटर पिळ देते, आणि हे काय कमी नाही, पीटीओच्या गिअरबॉक्सच्या जवळपास जातं. पण मग 20 लिटर तेलावर ती मोटर फिरणार किती, 20000 सीसी भागिले 400, मिनिटाला 50 फेरे. म्हणजे जोर आहे पण चाल नाही. मुरूमात बारीक दगड असतील तर हळू फिरणं उलट बरंच, दाते उड्या मारत नाहीत, बिट खेचत नाही. पण पन्नास फेऱ्यांवर माती वर फेकली जात नाही, पात्यांवरच बसून राहते, मग सारखं वर उचला, हलवून झाडा, परत खाली सोडा. भाऊ एकदा शेजारच्या गावात असलं मशीन बघायला गेला होता, येऊन म्हणाला, दादा, खड्डा पडतो, पण तेवढ्या वेळात चहा होतो.

आता जे व्हिडिओ बघून लोक भुलतात त्यांचं सांगतो. परदेशातल्या त्या व्हिडिओत हायड्रोलिक बिट लोण्यात सुरी गेल्यासारखं खाली जातं ते बहुतेक वेळा ट्रॅक्टरवर नसतंच, ते असतं स्किड स्टिअरवर (छोट्या लोडर मशीनवर) नाहीतर छोट्या एक्स्कॅव्हेटरवर. स्किड स्टिअरचा पंप मिनिटाला साठ-सत्तर लिटरच्या पुढे तेल देतो, प्रेशरही जास्त, तेल थंड ठेवायला कूलर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचा बूम, म्हणजे लोखंडी हात, बिटला वरून दाबतो. आपल्या ट्रॅक्टरची मागची लिफ्ट फक्त उचलते. खाली दाबत नाही, खाली जाते ती मशीनच्या वजनाने. म्हणजे तुम्ही पीटीओवालं लावा की हायड्रोलिकवालं, थ्री पॉइंटवर, म्हणजे मागच्या लिफ्टवर टांगलं की दोन्हीला खाली जायला स्वतःचं वजनच काय ते. त्यात पीटीओवाल्याचा गिअरबॉक्स आणि बूम जड असतो, तेवढाच त्याला फायदा.

ह्या वजनाच्या भानगडीवरून एक अत्यंत चुकीची गोष्ट आमच्याकडे सर्रास चालते. बिट खाली जात नाही म्हणून एखाद्या पोराला बूमवर उभं करतात नाहीतर बसवतात, वजन द्यायला. खाली पीटीओ शाफ्ट फिरतोय, तोल गेला की कुठे पडणार ते मी लिहीत नाही. 540 आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. कव्हर नसलेला साडेसात सेंटीमीटर जाडीचा शाफ्ट धरला तरी एका सेकंदात दोन मीटरच्या वर कपडा गुंडाळून घेतो, टॉवेल, लुंगी, ओढणी, साडीचा पदर, काहीही. माणसाने "अरे" म्हणायच्या आत खेळ खलास. बिट खाली जात नसेल तर दाते बदला, मधला टोकाचा पॉइंट झिजलाय का ते बघा, नाहीतर बूमवर लोखंडाचं वजन कायमचं बोल्ट मारून बसवा, माणूस नाही.

आणि शिअर बोल्टबद्दल. तो मुद्दाम मऊ दिलेला असतो, तुटायलाच असतो. आमच्याकडे काय करतात, दोनदा तुटला की वैतागून हार्डवेअरच्या दुकानातून हाय टेन्साईल, म्हणजे कडक बोल्ट आणून ठोकतात, आता बघ कसा तुटतो म्हणतात. बोल्ट तुटत नाही, मग क्राऊनचे दात तुटतात, आणि ते काय हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. दुसरं म्हणजे जो हातात येईल तो लांब बोल्ट टाकतात आणि त्याचं शेपूट इंचभर बाहेर राहतं, तेच शेपूट कपडा पकडतं. बोल्ट मापाचा, जास्तीचा आटा कापून टाकायचा, आणि कंपनीकडून मिळणारे डझनभर मशीनबरोबरच घेऊन टूलबॉक्समध्ये ठेवायचे. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं ते पहिल्याच महिन्यात फुटतं आणि कोणी परत बसवत नाही, हे मी आमच्या घरीसुद्धा ओरडून ओरडून बसवून घेतलंय.

हायड्रोलिकला हा शाफ्टचा धोका नाही, हा त्याचा खरा मोठा गुण, मान्य. पण ते एकदम निर्धोक आहे असं समजू नका. दीडशे बारचं तेल होजच्या सुईएवढ्या भोकातून निघालं तर ते कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. आमच्या लाईनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की लिकेज हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं, आणि तेल टोचलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलात सर्जनकडे. शेतावर हे कोण सांगतं?

हायड्रोलिकची दुसरी बाजू म्हणजे तेल. आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचं तेल आणि गिअरबॉक्स-डिफरन्शियलचं तेल एकच. टिपिंग ट्रॉलीसाठी मागे जे एक कनेक्शन दिलेलं असतं त्यावर मोटर चालवायची म्हटली तर परतीच्या तेलाला वेगळी वाट काढावी लागते, ती थेट टाकीत, मध्ये अडथळा न येता. परतीला प्रेशर साठलं की मोटरचं शाफ्ट सील उडतं, हे मी कारखान्यात इतक्या वेळा बघितलंय की आता आवाजावरून कळतं. शिवाय ट्रॉलीचा सिलिंडर दहा सेकंद तेल मागतो आणि गप्प बसतो, मोटर तासन् तास मागते. मे महिन्यात मुरबाडच्या उन्हात बिट अडकलं की जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिनने दिलेली ती सगळी पाच किलोवॅट तेल तापवण्यात जाते, दुसरीकडे कुठेच नाही. तेल तापलं की पातळ, पातळ झालं की गळती जास्त, गळती जास्त की मोटर आणखी हळू. वर होज जोडायचा कपलर मातीत पडणार, कोणी फडक्याने पुसणार नाही, ती माती थेट ट्रॅक्टरच्या पोटात. खड्ड्याच्या मशीनपायी ट्रॅक्टरची लिफ्ट गेली तर तो खर्च कोणत्या खात्यात धरायचा?

यावर उपाय आहे. पीटीओवर वेगळा पंप बसवायचा, वेगळी टाकी, वेगळं तेल, कूलर, मग ट्रॅक्टरच्या तेलाला हात लागत नाही आणि लिटरही भरपूर मिळतात. काम उत्तम होतं. पण किंमत बघा, आणि मुळात पीटीओ शाफ्ट परत आलाच की मागे फिरायला. कंत्राटदार असाल, वर्षभर कुंपणाचीच कामं असतील तर करा जरूर.

आता हायड्रोलिकच्या ज्या गुणासाठी माझा जीव तुटतो तो म्हणजे रिव्हर्स. लिव्हर उलटा टाकला की बिट उलटं फिरतं. पीटीओवालं बिट एकदा ओल्या चिकणमातीत स्पीडने खाली सोडलं की माती कापायच्या ऐवजी आटे पाडत आत घुसतं, आणि मग लिफ्ट काय त्याला उचलत नाही, ट्रॅक्टरचीच पुढची चाकं हलकी व्हायला लागतात. असं झालं की इंजिन बंद, चावी खिशात, आणि मोठा पाईप पाना लावून हाताने उलटं फिरवत बसायचं. घाम निघतो. हल्ली काही ट्रॅक्टरला रिव्हर्स पीटीओ येतो, नवीन ट्रॅक्टर घेणार असाल तर हे जरूर विचारा, फक्त मशीनचा गिअरबॉक्स उलटं फिरवायला चालतो का हेही मशीनवाल्याकडून विचारून घ्या. पण खरं सांगू का, अडकणं हे दहातलं नऊ वेळा ड्रायव्हरच्या घाईमुळे. थ्रॉटल कमी ठेवायचा, इंजिन हजार-अकराशेवर, म्हणजे बिट शंभर-सव्वाशे फेऱ्यांवर येतं. लिफ्ट सोडायची ती वीतभर, वर घ्यायचं, माती झाडायची, परत वीतभर. एका दमात तीन फूट खाली सोडणारा ड्रायव्हर असेल तर त्याला कुठलंही मशीन देऊ नका.

आमच्या जमिनीबद्दल बोलल्याशिवाय हे सगळं अर्धवट आहे. पंजाबातल्या, गुजरातेतल्या खोल मातीवरचा अनुभव इथे चालत नाही. ठाणे जिल्ह्याच्या ह्या भागात खाली सगळा काळा पाषाण. खाचरात वर चिकण, खाली मुरूम. वरकसला तर कुठे फूटभर माती, कुठे दीड फूट, मग मुरूम, मग कातळ. मुरूम बिट खातं, कातळ नाही खात, मग ते पीटीओचं असो, हायड्रोलिक असो नाहीतर सोन्याचं असो. कातळाला ब्रेकर लागतो. म्हणून मशीन घ्यायच्या आधी पहार घेऊन आपल्या जमिनीत आठ-दहा ठिकाणी मारून बघा, किती खाली जातं. अर्ध्या ठिकाणी फुटाभरात ठण्ण वाजलं तर मशीनच घेऊ नका, ज्याचं आहे त्याला बोलवा आणि जिथे जातं तिथे मारून घ्या.

वेळ पण महत्त्वाची. लोक खड्डे मारतात एप्रिल-मेमध्ये कारण लागवड जूनमध्ये. तेव्हा चिकण वीट झालेली असते. त्याच वेळी आमच्या वाडीवरची कातकरी मंडळी वीटभट्ट्यांवर गेलेली, ती पावसाच्या तोंडाला परत येतात, म्हणजे हाताने खणायलाही माणूस नाही, म्हणून तर मशीनची मागणी. त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन वाफशावर असते तेव्हा खड्डे मारून ठेवा. बिट सुंदर चालतं, बोल्ट तुटत नाहीत, डिझेल कमी लागतं, खड्ड्याला सहा महिने ऊन मिळतं. फक्त उघड्या खड्ड्यात गुरं पाय घालतात, वर काटेरी फांद्या टाका. ओल्या चिकणीत मात्र मारू नका, एक तर बिट अडकतं आणि दुसरं म्हणजे खड्ड्याच्या भिंती घोटून गुळगुळीत होतात. आमच्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्या घोटलेल्या खड्ड्यातून पाणी मुरत नाही, साठतं, आणि काजूचं कलम बुडाशी कुजतं. मूळही त्या गुळगुळीत भिंतीला लागून गोल गोल फिरत राहतं, बाहेर निघत नाही. मशीनने खड्डा मारल्यावर पहारीने भिंती चारी बाजूंनी खरवडायच्याच, हे काम मशीन करत नाही.

फळबागवाल्यांनी अजून एक हिशोब बघा. आंब्याला पूर्वापार सांगतात एक मीटर बाय एक मीटर बाय एक मीटरचा खड्डा, म्हणजे एक घनमीटर माती. मशीनचं 12 इंची बिट तीन फूट खाली गेलं तर माती निघते जेमतेम 0.064 घनमीटर, म्हणजे एकाच्या पंधरा-सोळाव्या भागाएवढी. 24 इंची लावलं तर पाव घनमीटर. आणि 24 इंची बिट 35 एचपीच्या ट्रॅक्टरला मुरूमात झेपतं का, तर नाही झेपत. काजूचा दोन फुटी खड्डा 0.216 घनमीटरचा. म्हणून आम्ही करतो काय, 12 इंचीने चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार भोकं मारायची आणि मधला भाग कुदळीने पाडायचा. मशीनने अवघड काम केलं, माणसाने सोपं केलं, खड्डा पाहिजे तेवढा मोठा आणि भिंतीही खडबडीत. फळबाग योजनेत लागवड असेल तर खड्ड्याचं माप कृषी सहायकाला आधी विचारून घ्या, नाहीतर तो येऊन टेप लावतो आणि मग वाद.

कुंपणाला मात्र ह्या मशीनसारखं दुसरं काही नाही. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आल्यापासून शहापूर-मुरबाडकडे जमिनी कोण घेतंय आणि कोण कुंपण घालतंय याला काही धरबंध राहिला नाही, जिकडे बघाल तिकडे सिमेंटचे पोल आणि जाळी. शिवाय रानडुकरं, त्यांच्यापायी शेतकऱ्यालाही जाळी मारावीच लागते. पोलला 9 इंची बिट, दोन-अडीच फूट खोल, सरळ रेषेत, आणि ट्रॅक्टर एका रांगेत पुढे सरकत जातो. मांडवाच्या भाजीच्या खांबांनाही तेच. उताराला असेल तर ट्रॅक्टर उताराच्या रेषेत उभा करा, आडवा नाही, आडवा केला की बिट तिरकं जातं आणि पोल दारुड्यासारखे उभे राहतात.

आणि खणायच्या आधी खाली काय आहे ते बघा. आमच्या पट्ट्यातून मुंबईच्या पाण्याच्या मोठ्या लाईनी गेल्यात, गॅसच्या, तेलाच्या पाईपलाईन आहेत, त्यांचे पिवळे-पांढरे मार्कर शेताच्या बांधावर दिसतात आणि लोक त्यालाच बैल बांधतात. नवी मुंबईत तर विजेच्या केबल जमिनीखाली. सोसायटीत झाडं लावायची म्हणून ट्रॅक्टर बोलावून खड्डे मारणाऱ्यांनी तर दहादा विचार करावा, 2023 मध्ये केंद्र सरकारने यासाठी कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप काढलंय, त्यावर खणण्याआधी कळवायची सोय आहे. बिटला केबल आणि मूळ यातला फरक कळत नाही.

शेवटचं, सबसिडीचं. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना टक्का थोडा जास्त. पण अर्ज मंजूर झाला की डीलर जे गोडाऊनला पडलंय ते गळ्यात मारतो. कल्याणच्या एका दुकानात मी स्वतः विचारलं की ह्या हायड्रोलिक मशीनला मिनिटाला किती लिटर तेल लागतं, तर तो म्हणाला, साहेब, पाच लिटर टाका, वर्षभर बघायला नको. आता काय बोलणार! मशीनला बुदनी, हिसार किंवा गार्लादिन्नेच्या सरकारी टेस्टिंग संस्थेचा रिपोर्ट आहे का विचारा, असेल तर त्यात कोणत्या ट्रॅक्टरवर, कसल्या जमिनीत, तासाला किती खड्डे ते सगळं लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर गावातल्या आयटीआयच्या पोराला दाखवा.

आणि खरं म्हणजे प्रत्येकाने हे मशीन घ्यायची गरजच काय? वर्षातून फार तर पंधरवडाभर चालतं, बाकी गंजतं. गावात चौघांनी मिळून एक घ्या किंवा शेतकरी गट, अवजारे बँक असेल तर तिथे ठेवा. पीटीओवालं असलं की ते कोणाच्याही ट्रॅक्टरला लागतं, सहा खाचांचा शाफ्ट सगळीकडे तोच, फक्त शाफ्टची लांबी तपासायची, लिफ्ट वरपर्यंत घेतल्यावर तो आत आपटता कामा नये आणि खाली सोडल्यावर एकमेकात निदान एक तृतीयांश राहिला पाहिजे. हायड्रोलिकवालं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लावायचं म्हटलं की कपलर वेगळा, लिटर वेगळे, तेल वेगळं, आणि एकाच्या ट्रॅक्टरमधली घाण दुसऱ्याच्यात. ज्याच्याकडे जेसीबी किंवा पुढे लोडर लावलेला मोठा ट्रॅक्टर आहे त्याने मात्र खुशाल हायड्रोलिकच घ्यावं, त्याला दाबायला बूम आहे, तेल आहे, त्याला पीटीओवालं सांगणं म्हणजे मूर्खपणा.

तुमच्या पानाला एक विनंती, मशीनबद्दल छापताना एचपी आणि किंमत याबरोबर पंपाचे लिटर, बार आणि बिटचे फेरे हे तीन आकडे पण छापत जा. डीलरकडून आकडे मिळाले नाहीत तर "विचारूनही सांगितले नाहीत" असं छापा.

आपला,
एक वाचक, घणसोली, नवी मुंबई